गाभण मांजर आणि तिची पिल्ले

महोदय,

मांजर ४-५ महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि साधारण ६३ ते ६५ दिवसांत व्याते. तेव्हा स्वतःच अजून वाढत असलेल्या या जिवाला सकस आहार आणि शांत, उबदार कोपरा मिळायलाच हवा. नवजात पिल्लांना पहिले काही आठवडे अंगातली ऊब राखता येत नाही, त्यामुळे आई जवळ नसेल तर ती गारठून दगावू शकतात, आणि अशा थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब न देता दूध पाजणे धोक्याचे ठरते. गाईचे दूध, कितीही मायेने दिले तरी, त्यांना मानवत नाही. पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून तोवर तिला घरातच ठेवून पुढे पशुवैद्यकाकडून निर्बीजीकरण करून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

एक वाचक