गाईड शोधते आहेस म्हणून

प्रिय माऊ,

तुझं पत्र मिळालं. संशोधनासाठी गाईड कोण घेऊ, असं विचारलं आहेस. तुझ्या यादीतली सगळीच नावं वजनदार आहेत, पण त्यातलं कोण अजून स्वतः गावात जातं, एवढं आधी काढ.

कार्ल टेलर आठव. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक, पण आरोग्याचं काम पंजाबात नारंगवालच्या खेड्यांत. त्यांच्याकडे शिकलेल्या आरोळे दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं. पुढे बंग दांपत्यही हॉपकिन्सला शिकून गडचिरोलीत येऊन बसलं. तिथल्या 39 गावांत आरोग्यदूतांनी घरी जाऊन बाळं सांभाळली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला, हे 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. गुरू गावातला असला की शिष्यालाही प्रश्न गावातलेच सुचतात, असं माझं मत.

पण रोजचं काम काही सिनियरवर चालत नाही गं. आमच्या जन्मवजनांचा आलेख शेजारच्या टेबलावरच्या मुलीने काढला, तर बरोबर 2.5 किलोवर एकच ताड उभा! इतकी बाळं नेमकी अडीच किलोची? मीटिंगमध्ये सगळं आशाताईंवर ढकलून झालं. आमच्या सिनियर मॅडमनी ऐकून घेतलं, बाळांचं वजन करायचा झोळीचा काटा मागवला, तांदळाची पिशवी टाकून त्याच मुलीच्या हातात दिला. "वाच." काटा थरथरत होता. ती म्हणाली, "अडीच." पिशवी दोन किलो चारशेची होती! इथे तर तांदूळ होते. बाळ हातपाय झाडतं, शिवाय अडीचच्या खाली लिहिलं की 'कमी वजनाचं बाळ' म्हणून सासूचे प्रश्न वेगळेच. गडबड पकडली मैत्रिणीने, कारण दाखवलं मॅडमनी.

आणि बाळ गेलेल्या घरी व्हर्बल ऑटोप्सी (घरच्यांना विचारून मृत्यूचं कारण शोधणं) करून आलीस की रात्री दहाला कोणाला फोन करशील? सिनियरला नाही करवत. म्हणून बरोबरीच्या दोघी-तिघी आत्ताच धर. एकमेकींचे मसुदे वाचा, फॉर्म एकमेकींवर भरून बघा.

हो, पेपरवर नावांचा क्रम काय राहील, हे गाईडला पहिल्याच भेटीत विचार. संकोच करू नकोस. नंतर विचारणं फार जड जातं.

प्रोटोकॉलचा, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्याचा, कच्चा मसुदा पाठव. लाल पेन घेऊन बसते.

तुझी,
नंदू