कच्च्या काडात रोप वाढत नाही

मा. संपादक यांस,

शेतातला टाकाऊ काडीकचरा भाजीपाल्याच्या रोपांसाठी माध्यम म्हणून, म्हणजे ट्रेत मातीऐवजी, वापरावा, असे सुचवणारा लेख आपल्या शेतीविषयक पानावर वाचला. मुद्दा रास्त आहे. दलदलीत पीट, म्हणजे रोपांच्या ट्रेत भरतात तो अर्धवट कुजलेला पालापाचोळा, साठते ते वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर. ते उपसून ट्रे भरायचे आणि इकडे भाताचे तूस, गव्हाचे काड पेटवून द्यायचे, याला अर्थ नाही. पण काड बारीक करून थेट ट्रेत भरण्याचा लेखातला सल्ला रोपवाटिका चालवणाऱ्या कुणालाही पटणार नाही.

गव्हाच्या काडात एक भाग नत्रामागे सुमारे 80 भाग कर्ब असतो. लाकडाच्या भुशात त्याच्या कित्येक पट. असा माल कच्चा वापरला की तो कुजवणारे जिवाणू रोपाच्या वाट्याचे नत्र आधी उचलतात. टोमॅटो-मिरची उगवते झकास, कारण सुरुवातीला बियाण्यातली शिदोरी पुरते. खरी पाने फुटू लागली की खालून पिवळेपणा चढतो आणि वाढ थबकते. मग युरियाचे पाणी सुरू होते. त्यातलेही बरेचसे जिवाणूच घेतात, आणि प्रमाण जरा जास्त झाले तर कोवळी मुळे करपतात. खापर मात्र बियाण्यावर फुटते.

नत्र द्यायचे ते काड कुजवायच्या ढिगाला, ट्रेत भरण्याआधी. शेण किंवा कोंबडीखत मिसळून, ओल राखून ढीग 55 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्यावा. तणांचे बी आणि रोपे कोलमडवणाऱ्या बुरश्या बहुतांशी त्यात मरतात. कडेचा थर तापत नाही, म्हणून ढीग पलटावा लागतो. (कंटाळा नेमका इथेच केला जातो.)

बारीक करण्याचेही तसेच. ट्रेचा कप उथळ असतो आणि पाणी दिल्यावर तळाशी थोडे अडून राहतेच. पिठासारखे माध्यम भरले तर निम्मा कप चिंब राहतो आणि मुळांना हवा मिळत नाही. तिथे भरड तूस उपयोगी पडते. जाळून काळे केलेले तूस हलके आणि निर्जंतुक खरे, पण त्याचा सामू (पीएच) चढा असतो. नुसते वापरू नये. नारळाच्या भुशात पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतात, तो आधी धुवावा लागतो. आणि ज्या शेतात क्लोपायरॅलिडसारखे तणनाशक मारले असेल तिथले काड घेऊच नये. ते ढिगात कुजूनही टिकते आणि टोमॅटोची पाने आकसवते.

तयार माध्यमाच्या पिशव्या विकणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा आहे की कच्चा माल कोणता, ढीग कधी लावला, सामू आणि ईसी (क्षारांचे प्रमाण दाखवणारा आकडा) किती, हे पिशवीवर छापावे. खताच्या पिशवीवर घटक छापतात, मग इथे नुसते ‘सेंद्रिय’ लिहून कसे चालेल?

तोवर घरचा उपाय आहे. ओलसर मूठभर माध्यम प्लॅस्टिकच्या पिशवीत काही दिवस घट्ट बांधून ठेवावे. उघडल्यावर आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर ढीग अजून कच्चा आहे. वास नसेल तर थोड्या माध्यमात अळीव आणि घेवडा पेरून पाहावा. अळीव नीट उगवले आणि घेवड्याची पाने न आकसता सरळ उलगडली (म्हणजे तणनाशक उरलेले नाही), तरच ट्रे भरायला घ्यावेत.

आपला,
एक रोपवाटिकाचालक