पाहुणे बोलले काय ते पण छापा की

माननीय संपादक,
स.न.

तुमच्या पेपरात कॉलेजच्या बातम्यांना जागा मिळते हे चांगलंच आहे, तक्रार त्याची नाहीये. तक्रार अशी की ती बातमी कायम कार्यक्रम उरकल्यावर चार दिवसांनी येते आणि तिच्यात सगळं असतं, अध्यक्ष कोण, परिचय कोणी करून दिला, सूत्रसंचालन कोणाचं, आभार कोणी मानले, फक्त पाहुणे तासभर काय बोलले तेवढं सोडून. फार तर "मोलाचे मार्गदर्शन केले".

मागच्या महिन्यात विद्यापीठाच्या कला-विज्ञान कॉलेजात पुतणीच्या फॉर्मवर सही-शिक्का घ्यायला गेले होते. नोटीस बोर्डवर परीक्षेच्या टाइमटेबलखाली अर्धा झाकलेला एक कागद दिसला, कोपरा उचलून वाचला तर फिजिक्सवाल्यांचं प्रकाशावर व्याख्यान, त्याच दिवशी चार वाजता. म्हटलं आलोच आहोत तर बसू. हॉलमध्ये मोजून १४ माणसं, त्यातले दोघं माईकवाले.

आणि काय बोलल्या हो त्या मॅडम! हातात एक जुनी सीडी आणि बारीक फट पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, बस. खोका खिडकीकडे धरून आत डोकावलं की सलग इंद्रधनुष्य, आणि जुन्या ट्यूबलाइटकडे वळवला की तेच इंद्रधनुष्य तुटतं, हिरवी पट्टी वेगळी, जांभळी वेगळी, कारण ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेचे रंग ठरलेले असतात. सीडीवर एका मिलिमीटरात ६०० च्या वर रेषा असतात म्हणून ती रंग सुटे करते. हेलियम वायू असाच, आपल्या ठरलेल्या रंगावरून, आधी सूर्याच्या उजेडात दिसला १८६८ मध्ये, आणि पृथ्वीवर हाती लागला थेट १८९५ मध्ये. मी पन्नाशीची बाई, खोक्यासाठी लाइनीत दोनदा उभी राहिले.

नंतर बातमी आली. "विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते." सीडीचा स पण नाही.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेंनी १८६० च्या नाताळात मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर सहा भाषणं दिली, ती आज आपल्याला वाचायला मिळतात कारण विल्यम क्रुक्स या दुसऱ्या शास्त्रज्ञाने ती उतरवून घेऊन छापली. तिथे आपला प्रेसनोटवाला असता तर पुष्पगुच्छ कोणी दिला एवढंच कळलं असतं.

दोष एकट्या पेपरचा नाही, माहितीये मला. कॉलेजकडून येते तीच प्रेसनोट, तीही गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये नावं बदलून केलेली (वाचताना लगेच कळतं ते), आणि तुमच्याकडे माणसं कमी. पण आठवड्यातून एकदा अर्धा कॉलम "पुढे काय" म्हणून द्यायला काय हरकत आहे? विषय, वेळ, कुठला हॉल, आणि मुख्य म्हणजे बाहेरच्यांना प्रवेश आहे का ते. कारण गेटवरचा वॉचमन आयकार्ड मागतो, आणि व्याख्यानाला आलेय म्हटलं की "कुठलं व्याख्यान?" असं मलाच विचारतो, त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं.

पोरांच्या रिसर्चचं तर काहीच बाहेर येत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये स्पर्धा सुरू केली, पीएचडीच्या मुलांनी आपलं काम ३ मिनिटांत, एकाच स्लाइडवर, सामान्य माणसाला कळेल असं सांगायचं. आता खूप देशांत होते ती. इथल्या मुलांकडून तसेच दीडशे शब्द मागवा, बघा देतात की नाही.

पुढच्या आठवड्यात भाषा विभागाचा काहीतरी कार्यक्रम आहे म्हणे, म्हाताऱ्या माणसांच्या बोलीची रेकॉर्डिंग ऐकवणार आहेत, पुतणी सांगत होती. वार तिला नक्की माहीत नाही, वेळ तर नाहीच. तुम्हाला कळली तर प्लीज आधी छापा.

आपली,
एक नेहमीची वाचक