परक्या राजाचा फोटो

युट्रेक्ट

तीर्थस्वरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

"परक्या राजाच्या फोटोपायी एवढे पैसे?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा घरात पाहुणे होते. म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी विकत घेतलेला सहीचा फोटो जर्मनीचा शेवटचा सम्राट, कैसर दुसरा विल्हेल्म, त्याचा. 1918 च्या नोव्हेंबरात युद्ध हातचं गेल्यावर हा इकडे नेदरलँड्सला पळून आला आणि 1920 पासून 1941 साली मरेपर्यंत इथून जवळच, डोर्न गावी राहिला. गादी गेली, पण सह्यांची हौस फिटली नाही. आल्यागेल्याला सही केलेला फोटो ठरलेला. लाकडं फोडायचा नाद, तर त्या तुकड्यांवरही सह्या! म्हणून त्याचे फोटो मिळतात तरी. व्हिक्टोरिया राणीच्या वाटेला मी जात नाही.

माझ्या फोटोत त्याला पांढरी दाढी आहे, म्हणजे तो डोर्नचाच. राज्यावर असताना नुसत्या टोकं वर पिळलेल्या मिशा असायच्या. डावा हात जन्मापासून अधू आणि आखूड. तो लपवायला कधी तलवारीची मूठ, कधी हातमोजे. एकदा लक्षात आलं की प्रत्येक फोटोत नजर आधी तिथेच जाते. आणि खाली ऐटीत 'विल्हेल्म आय. आर.', म्हणजे लॅटिनमधलं 'इम्पेरातोर रेक्स', सम्राट आणि राजा. कुठला, कोण जाणे!

फसवणुकीची तुमची काळजी रास्त आहे. सही छापलेली असली तर भिंगाखाली बहुधा ठिपके दिसतात. खरी शाई तिरक्या उजेडात चमकते, आणि रेघेवरून रेघ गेली असेल तिथे गडद होते. मी पैसे मोजायच्या आधी भिंग लावूनच पाहिलं.

इंग्लंडच्या सहाव्या जॉर्जच्या सहीत तर आपलाच इतिहास आहे. 1947 च्या ऑगस्टपर्यंत 'जॉर्ज आर. आय.', त्यानंतर नुसतं 'आर.' हिंदुस्थानच्या बादशाहीचा 'आय' गळला. तो नसलेलं पहिलं पत्र आलं तेव्हा फार वाईट वाटलं, असं त्याच्या आईने, मेरी राणीने, पाकिटावर लिहून ठेवलंय. वाटू दे बापडीला!

एक काम करा. सोप्यातला शाहू महाराजांचा फोटो खिडकीसमोरून हलवा. उन्हाने जुने फोटो पार उडून जातात, आणि त्याची दुसरी प्रत आपल्याकडे नाही. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी