खर्जाची तार अजून बाकी आहे

एर्लांगेन, जर्मनी
२१ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप सौ. आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आई-बाबा सांगलीला सुखरूप पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी मिरजेला येऊन तुला भेटले, हे फोनवर कळले. त्यांनी इकडची सगळी हकिगत तोंडी सांगितलीच असेल. तरीही तंबोऱ्याविषयी मी स्वतः लिहिणे गरजेचे आहे, कारण तो तू माझ्या स्वाधीन केला होतास आणि त्याला जे झाले ते माझ्याच घरात झाले. आज सर्वपित्री अमावस्या आहे. सकाळपासून आजी मनात आहे, म्हणून पत्र पुढे ढकलायचे नाही असे ठरवून बसले आहे.

चार वर्षांपूर्वी गवसणीत घालून तंबोरा माझ्या हाती देताना तू एवढेच म्हणाली होतीस की, याला रोज बोलता ठेव. मी त्याला पहिल्याच हिवाळ्यात खिडकीखालच्या हीटरपासून दोन हातांवर उभा केला. इथे थंडीत घरे तापवल्यावर आतली हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते, आणि मिरजेच्या हवेत आयुष्य काढलेले लाकूड व भोपळा त्या हवेत आकसतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. फेब्रुवारीतल्या एका रात्री खोलीतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. सकाळी पाहते तो गळ्याच्या सांध्यापासून भोपळ्यावर वीतभर चीर गेलेली. मी घाबरले आणि घरात होता तो जालीम गोंद त्या चिरेत भरला. तीन वर्षांहून अधिक काळ तुला काही कळवले नाही, फोनवर तू विचारलेस की "ठीक आहे" म्हणत राहिले. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.

जूनमध्ये आई-बाबा यायचे ठरले तेव्हा बाबांना खरे सांगितले. ते रागावले नाहीत. घोडीचे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचे, माप काय आहे, एवढेच त्यांनी विचारले. पुढचे तुला माहीत आहे, कारण कारागिरांकडे खेपा तूच घातल्यास. आजीच्या तंबोऱ्याची मूळ घोडी सांबरशिंगाची, आणि अशा वस्तू देशाबाहेर नेण्यास कायद्याची परवानगी नाही, म्हणून ती तेव्हाच तुझ्या कपाटात राहिली होती. इथे मी बाजारातली तयार घोडी बसवली आणि तिच्यावर तारा कधीच मोकळ्या बोलल्या नाहीत. या खेपेस तू जुनी घोडी समोर ठेवून तिच्याच उंचीची नवी एबनीची घोडी करवून घेतलीस, मिरजेतल्याच दुसऱ्या तंबोऱ्यावर चढवून तिची कच्ची जवारी काढवलीस, म्हणजे तारा मोकळ्या गुंजाव्यात म्हणून तिचा माथा घासून घेतलास, आणि तारा, सूर बारीक जुळवायचे मणके व तारांखाली घालायचा जवारीचा दोरा यांसह बाबांच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ती ठेवलीस. विमानतळावरून घरी आल्यावर बाबांनी चहाच्याही आधी ती पुडी उघडली.

आई-बाबा १४ जूनला आले आणि ११ सप्टेंबरला परतले. इथल्या पाहुण्यांच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि आम्ही ते सगळे वापरले. नव्वद दिवसांत शनिवार-रविवार तेरा येतात. आईने त्यांची यादी करून स्वयंपाकघरात लावली होती. रविवारी इथे दुकाने बंद असतात, तेव्हा घरात बसण्यापेक्षा गाडी काढावी असेच सगळ्यांना वाटते.

पहिल्या शनिवारी मात्र आम्ही पाच किलोमीटरसुद्धा गेलो नाही. एर्लांगेनला लागूनच बुबेनरॉइट नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बोहेमियातून जर्मन भाषकांना घालवून देण्यात आले. त्यांत शोनबाख या गावचे व्हायोलिन करणारे शेकडो कारागीर होते. ते गाव आता चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचे नाव लुबी आहे. १९४९ पासून या कारागिरांना बुबेनरॉइटने जागा दिली. तेव्हा ते चार-पाचशे वस्तीचे शेतकऱ्यांचे खेडे होते. घरदार मागे राहिले, पण हातातला हुन्नर बरोबर आला, आणि काही वर्षांत ते गाव वाद्यांसाठी ओळखले जाऊ लागले. त्यांच्यापैकीच एका घराण्यातले वयस्कर कारागीर आमच्या शेजाऱ्यांच्या ओळखीचे निघाले. त्यांनी तंबोरा आयुष्यात प्रथमच हातात घेतला. बराच वेळ त्यांनी तो फिरवून पाहिला, बोटांच्या पेरांनी तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, ठिकठिकाणी टकटक केली, आणि मग विचारले की ही चीर कोणत्या माणसाने बुजवली. मी म्हटले, मी. ते म्हणाले, "मग आधी तुमचे काम पुसून काढावे लागेल."

त्यात त्यांचे दोन दिवस गेले. व्हायोलिनवाले अजूनही जनावरांच्या कातड्याचा सरस वापरतात. तो पाण्यात भिजवून, साठ अंशांच्या आसपास तापवून लावतात, आणि पुढे कोणाला दुरुस्ती करायची झाली तर उष्णता व ओलावा देऊन तोच सांधा पुन्हा सोडवता येतो. माझा गोंद तसा सुटणारा नव्हता, तो पात्याने कणाकणाने खरवडावा लागला. आजीच्या तंबोऱ्याचे मूळ सांधेही सरसाचेच असल्यामुळे तबली मात्र पातळ गरम सुरीने, कुठेही न फाटता, सुटून आली. बाबा तेव्हा तिथे होते. आपल्या मिरजेच्या कारागिराने इतक्या वर्षांपूर्वी लावलेला सांधा एका परक्या देशातल्या कारागिराने ओळखीचा असल्यासारखा सोडवला, हे त्यांनी त्या दिवशी घरी आल्यावर तीनदा सांगितले. भोपळ्याच्या आतून, चिरेच्या आडव्या अंगाने, सरसात भिजवलेल्या लिननच्या अरुंद पट्ट्या चिकटवल्या. इकडच्या जुन्या ल्यूट नावाच्या तंतुवाद्यांना आतून असाच आधार देतात, असे ते म्हणाले. लाकडाचे तुकडे लावले असते तर भोपळ्याचे वजन आणि कंप दोन्ही बदलले असते.

एका गोष्टीवर आमची चर्चा झाली, ती तुला कळली पाहिजे. तबली पुन्हा बसवल्यावर सगळ्या वाद्याला नवे पॉलिश करायचे का, असे त्यांनी विचारले. आईला ते हवे होते, कारण वाद्य फार उदास दिसते असे तिला वाटत होते. मी नको म्हणाले. भोपळ्याच्या उजव्या अंगाला, जिथे आजीचा हात टेकत असे, तिथली लाख झिजून खालचा भोपळा गुळगुळीत आणि काळसर झाला आहे. ती जागा झाकली गेली असती. शेवटी फक्त चिरेच्या रेषेवर रंग जुळवला, बाकी हात लावला नाही. हे ठरवताना तुला विचारायला हवे होते. माझे चुकले असेल तर सांग. पॉलिश नंतरही करता येते, पण झिजलेली जागा परत आणता येणार नाही, एवढाच विचार मी केला.

तंबोरा पाच आठवडे कार्यशाळेत होता, तेवढ्यात आमचे फिरणे झाले. बांबेर्ग आणि रेगेन्सबुर्ग ही दोन्ही जुनी शहरे एकेका दिवसात पाहिली. रेगेन्सबुर्गला डॅन्यूब नदीवरचा बाराव्या शतकातला दगडी पूल आईला इतका आवडला की ती तो दोनदा चालून आली. बायरॉइटला संगीतकार वाग्नरचे नाट्यगृह बाहेरूनच पाहावे लागले, कारण उत्सवाचे दिवस होते. ते १८७६ साली उघडले, हे फलकावर वाचून बाबा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाच्या आधी चारच वर्षे!" पुढचा तासभर बागेतल्या बाकावर बसून त्यांनी आमच्या लेकीला संगीत नाटकाची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकली, आणि त्याच शहरातले १७४८ चे जुने ऑपेरागृह पाहताना, तिथली सगळी सजावट लाकडाची आणि कापडाची आहे हे कळल्यावर, "इथे तंबोरा चांगला वाजेल" असे तीच म्हणाली.

सगळ्यात लांबचा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रवास मार्कनॉयकिर्शेनचा. सॅक्सनीच्या टोकाला, चेक सीमेजवळ, डोंगरात लपलेले हे छोटे गाव आहे. धर्माच्या कारणाने बोहेमिया सोडून आलेल्या व्हायोलिनकारांनी १६७७ साली इथे आपला संघ स्थापन केला, आणि तेव्हापासून इथे वाद्ये होत आहेत. गल्लीतून चालताना एका घरात व्हायोलिनचे गज, दुसऱ्यात पितळी तुतारी, तिसऱ्यात नुसत्या तारा. बाबांना लगेच आपली मिरजेची सतारमेकर गल्ली आठवली. तिथल्या संग्रहालयात जगभरची वाद्ये आहेत. काचेसमोर उभे राहून बाबांनी आम्हांला मिरजेची कथा सांगितली, जी मी लहानपणी ऐकली असून पार विसरले होते: हत्यारे घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे काम राज्ये गेल्यावर संपत आले, आणि त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी १८५० च्या सुमारास तंतुवाद्यांची दुरुस्ती करता करता ती घडवायला सुरुवात केली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, लाकूड तुणीचे, हात तलवारीवर तयार झालेले. परतीच्या वाटेवर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की, २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण पेपरात वाचून बाजूला ठेवले. आता गेल्यावर त्या गल्लीत नीट एक दिवस घालवायचा. त्यांनी तो घालवला का, ते तू कळव.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तंबोरा घरी आला. घोडी चढवणे आणि जवारी हे आपले काम नव्हे, असे त्या कारागिरांनी स्वच्छ सांगितले होते. केसाएवढे जास्त घासले गेले तर तुमच्या गावाहून आलेली वस्तू बिघडेल, असे ते म्हणाले, आणि त्यांचा हा नकार मला त्यांच्या सगळ्या कौशल्याइतकाच मोठा वाटला. मग बाबा आणि मी बसलो. व्हिडिओ कॉलवर तुला काहीच ऐकू येईना, ते आठवते ना? सतत चालणारा सूर म्हणजे मागचा गोंगाट, असे समजून फोन तो दाबून टाकतो, हे नंतर उमगले. तेव्हापासून ध्वनिमुद्रण करून पाठवायचे आणि तुझ्या उत्तराची वाट पाहायची, असे चालले. "पंचम बंद आहे, दोरा किंचित मागे घ्या." "मधल्या जोडीतली दुसरी बरी, पहिलीला अजून खर आहे." तुझे ते निरोप मी वहीत तारखेसह उतरवून ठेवले आहेत. अकराव्या दिवशी संध्याकाळी, काळी चारच्या पट्टीत, जोडीच्या दोन्ही तारा एकदम उघडल्या, आणि त्यांतून जो गंधार ऐकू आला, तो ऐकून बाबांनी हात थांबवला नाही, पण ते दुसरीकडे पाहू लागले.

गणपतीला तुझा लेक, आमचा दादा, नेदरलँड्समधल्या आयंडहोवनहून सहा तास गाडी चालवून मुलांसह आला. त्याला मी कधी गाताना ऐकले नाही. आरती झाली, सगळे जेवायला उठले, तरी तो तंबोऱ्यापाशीच बसून होता. थोड्या वेळाने मणका सरकवून त्याने खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, लावून पाहिला, पुन्हा खुंटी पिळली, पुन्हा छेडला आणि म्हणाला, "आईचा खर्ज असा लागत नाही." त्याचे बरोबर आहे. पितळी तार बदलून झाली, दोरा मागेपुढे करून झाला, तरी खर्ज येतो आणि लगेच बुडतो, मागे रेंगाळत नाही. जाडी चुकली, की घोडीच्या त्या टोकाला अजून थोडा हात लागायला हवा, हे आम्हां कोणालाच ठरवता येईना. ध्वनिमुद्रणावरून तुलाही ठरवता आले नाही.

म्हणून ती तार तशीच ठेवली आहे, आता कोणी तिला हात लावणार नाही. खोलीत आर्द्रता मोजायचे यंत्र ठेवले आहे, हीटरचा कोपरा कायमचा रिकामा केला आहे, आणि आमची लेक रोज संध्याकाळी तीन तारांवर पंधरा मिनिटे बसते. उद्या घटस्थापना. तिला नऊ दिवस रोज एक अलंकार म्हणायचा आहे, तो तू पाठवशील का?

आणि मुख्य गोष्ट. एप्रिलमध्ये तू इकडे यायचे आहेस. दादाशी बोलणे झाले आहे. निम्मे दिवस त्याच्याकडे, निम्मे आमच्याकडे. निमंत्रणाचे आणि खर्चाच्या जबाबदारीचे कागद मी इथल्या कार्यालयातून करून पाठवते. तुझ्या पासपोर्टची मुदत तेवढी आज पाहून ठेव. गुडघ्यांचे कारण सांगू नकोस, आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. येताना जुनी घोडी आणता येणार नाही, पण तिच्या खर्जाकडच्या टोकाची उंची कारागिरांकडून नीट मोजून घे आणि तो आकडा कागदावर लिहून आण.

काकांना नमस्कार. कळावे.

तुझी भाची