थर्ड शिफ्ट आणि रात्रीची लाईट

मा. संपादक,
स. न.

कालच्या उद्योग पानावरचा चाकणच्या कारखान्यांतल्या गैरहजेरीवरचा लेख वाचला. शेतकऱ्याच्या पोराला घड्याळाची सवय नाही, लावणी आली की तो न सांगता पळतो, तेव्हा आधी त्याला शिस्तीचं प्रशिक्षण द्या, असा लेखकमहाशयांचा सल्ला आहे. सल्ला उत्तमच. फक्त पहाटे साडेतीनला धार काढून पावणेपाचची कंपनीची बस धरणाऱ्याला घड्याळ शिकवणार कोण, तेवढं लिहायचं राहिलं. दोन धारांत १२ तासांचं अंतर लागतं. कंपनीची शिफ्ट सोमवारी बदलते, गाईची बदलत नाही. कास तुंबली की दगडी (कासेची सूज) होते आणि डेअरीवर दूध परत येतं.

लेखकांनी हजेरीचे आकडे पाहिले. हजेरीचं मशीन पाहिलेलं दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लावण असते. १५ बाय १० सेंटिमीटरवर एकरात अडीच लाखांच्या आसपास रोपं बसतात आणि प्रत्येक रोप अंगठ्याने चिखलात दाबावं लागतं. आठवडाभरात अंगठ्याच्या रेघा झिजतात, कातडी तडकते. मग गेटवर मशीन तीन-तीनदा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत राहतं, मागची रांग खेकसते, सिक्युरिटीवाला बाजूला उभं करतो आणि महिनाअखेर त्या दिवसाचा खाडा निघतो. माणूस दिवसभर मशीनवर उभा असतो आणि कागदावर गैरहजर! यावर उपाय फुकटात आहे. भरतीच्या वेळीच अंगठ्याबरोबर डाव्या हाताची अनामिका नोंदवून घ्या, ती लावणीत झिजत नाही. बोट कोरडं असेल तर कपाळावर फिरवून टेकवावं, ओलं असेल तर पुसून. काचेवरचं ग्रीस दर शिफ्टला सुती फडक्याने काढावं. एवढं करूनही ठसा उमटला नाही, तर टाइम ऑफिसच्या वहीत त्याच दिवशी सही घ्यावी. महिनाअखेरीला ती दुरुस्ती कुणी करत नाही.

आता पाण्याचं. शेतीपंपाची थ्री फेज लाईट अनेक फीडरवर (वीजवाहिन्यांवर) अजून आलटूनपालटून येते, एक आठवडा दिवसा ८ तास, पुढचा रात्री १० तास. दिवसाच लाईट देणाऱ्या सौर वाहिनीवर गेलेली गावं यातून सुटली, बाकीची तिथंच आहेत. कंपनीची पाळी तीन आठवड्यांत फिरते, लाईटची दोन आठवड्यांत. म्हणजे सहा आठवड्यांत सगळ्या जोड्या एकेकदा समोर येतात. लाईट दिवसा ९ ते ५ किंवा रात्री १० ते सकाळी ८ धरा. दिवसाची लाईट आणि फर्स्ट शिफ्ट असेल तर माणूस साडेतीनला घरी पोचतो, हातात दीड तास उरतो. सेकंड असेल तर साडेबाराची बस येईपर्यंत साडेतीन तास मिळतात. थर्ड म्हणजे रात्रपाळी असेल तर आठही तास मिळतात, पण झोपायचं कधी? रात्रीची लाईट आणि फर्स्ट, म्हणजे रात्रभर दारं धरून, म्हणजे वाफ्यावाफ्याला पाणी वळवून, तसंच बसमध्ये बसायचं. सेकंडवाला सव्वाअकराला पोचून तीनपर्यंत पाणी देऊ शकतो. शेजारी ऊस असेल तर बिबट्याच्या भीतीने एका हातात काठी, एका हातात बॅटरी. आणि रात्रीची लाईट, थर्ड शिफ्ट: शून्य. त्या आठवड्यात रान कोरडंच.

एक एकर वाफे भिजवायला ५ एचपीच्या मोटारीला सहा-सात तास सहज लागतात. हलक्या रानात मार्चच्या उन्हात पाणी आठ दिवसांवर हवं. पाण्याची एक पाळी चुकली की कांदा पंधरा दिवस तहानतो आणि नंतर एकदम पाणी पितो, मग जोडकांदा निघतो. वखारीवर तो बाजूला काढतात. लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं आंबवणीचं पाणी हुकलं तर त्याहून वाईट, रोपं मरून नांगेच (मोकळ्या जागा) पडतात.

लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो बसवा, हे सांगणारे भेटतात. ऑटो मोटार चालू करतो, दारं मोडत नाही. ठिबक किंवा तुषार असेल तर ठीक. शिवाय लाईट आली की सगळ्या गावाच्या मोटारी एकाच क्षणाला उठतात, व्होल्टेज पडतं, डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज उडतो. एक फेज गेली की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर नसेल तर दोन फेजवर मोटार जळते, तेव्हा मालक कंपनीत असतो.

यात कंपनीकडून लागतं काय, तर शिफ्टची आठवड्यापुरती अदलाबदल. एकाच लाइनवरचे दोघे, एक अर्ज, दोघांच्या सह्या आणि सुपरवायझरची, शनिवारच्या आत. शिफ्टचा कोड मात्र पंचिंगच्या आधी बदलायला हवा, नाहीतर थर्डला आलेल्याला मशीन फर्स्टचा गैरहजर समजतं. आणि थर्ड संपवून लगेच फर्स्टला कुणाला घेऊ नये, मध्ये सुटी पडली पाहिजे.

मावळ-मुळशीकडच्या भाताची गोष्ट वेगळी. अर्ध्या एकराच्या लावणीला चार दिवस रजा कशाला, असं सुपरवायझर हसून विचारतो. साहेब, सावड असते. आपल्या रानात दहा माणसं एक दिवस आली, तर त्यांच्या रानात आपल्याला जावं लागतं. नाही गेलं तर पुढच्या वर्षी आपल्या बांधावर कुणी फिरकत नाही. आणि रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की ते पावसाचं बघतं, रजेच्या अर्जाचं नाही. तारीख मागू नका, जुलैतले चार दिवस राखून ठेवा.

राहिली लेखातली 'गळती', म्हणजे काम सोडून जाणारे. सात महिने झाले की ठेकेदारच ब्रेक देतो, म्हणजे कामावरून कमी करतो, कायद्याचं संरक्षण देणारे २४० दिवस भरू नयेत म्हणून. ती माणसंही पळालेल्यांत मोजली का, हे लेखकांनी सांगावं. ब्रेक मिळालेल्यांनी एक करावं: पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख पडली का ते बघावं. ठेकेदाराने टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते. तारखेशिवाय जुनं खातं नव्यात येत नाही आणि पेन्शनची १० वर्षं जुळत नाहीत.

जाता जाता आपल्या बाजारभावाच्या चौकटीबद्दल. आमच्याकडे मंचर, जुन्नरला कांद्याचा भाव १० किलोवर बोलतात, लासलगावला क्विंटलवर. आपण दोन्ही आकडे एकाच रकान्यात छापता. त्यामुळे १८० रुपये १० किलो हा भाव शेजारच्या १,८०० रुपये क्विंटलपुढे माती वाटतो. भाव एकच आहे. रकान्यावर 'दर १० किलो' एवढं लिहायला जागा कमी पडत असेल, तर कालच्या लेखकाचा फोटो थोडा लहान करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, मोशी, पुणे
(नाव छापू नये. गेटवर सगळे ओळखतात.)