स्टॉप स्क्रू फिरवू नका, हवा कुठून शिरते ते शोधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना इंजिन आपोआप रेस घेते, खाली येते, पुन्हा रेस घेते. यावर थ्रॉटल बॉडीचा (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणाऱ्या भागाचा) स्टॉप स्क्रू, म्हणजे ती झडप कुठवर बंद व्हावी हे ठरवणारा स्क्रू, फिरवून देणे किंवा एकामागून एक नवे सेन्सर बसवणे, हेच सर्रास चालते. दोन्ही चूक आहे. कार्बोरेटरच्या पद्मिनीत स्क्रूने रेस लावत असत. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत तो स्क्रू कारखान्यातच बसवलेला असतो आणि आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसते चालू असताना, किती हवा सोडायची, हे ईसीयू (इंजिनाचा संगणक) आयडल व्हॉल्व्हमार्फत ठरवतो.

गरम इंजिन साधारण ७५० ते ९०० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) चालावे. थंड असताना सुरुवातीची काही मिनिटे १२०० ते १५०० असले तर तो दोष नाही. म्हणून आधी पाहायचे ते इंजिन खरोखर गरम होते का. ‘गाडी तापते’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याची वाईट खोड आपल्याकडे आहे. मग इंजिन ८० अंशांपर्यंत पोचतच नाही आणि ईसीयू त्याला थंड समजून जास्त हवा-पेट्रोल देत राहतो. कूलंट सेन्सर मल्टिमीटरने तपासता येतो. बऱ्याच गाड्यांत तो २० अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास दाखवतो. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याचा सेन्सर अनेकदा वेगळा असतो, त्यामुळे काटा बरोबर आहे एवढ्यावर विसंबू नये. काही जुन्या थ्रॉटल बॉडींत कूलंटच्या उष्णतेने बंद होणारा मेणाचा व्हॉल्व्ह असतो. कूलंट कमी असले किंवा पाइपात हवा अडकली, तर तो उघडाच राहतो. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा.

ॲक्सिलरेटर केबलला थोडी ढील आहे ना, हे हाताने बघितले की पुढचा संशयित म्हणजे व्हॅक्यूम लीक, अर्थात इंजिन हवा खेचते त्या झडपेपलीकडच्या मार्गातली गळती. थ्रॉटल बंद असूनही फुटक्या पाइपातून हवा शिरते. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत ईसीयू त्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल देतो आणि रेस चढते. ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की, थ्रॉटल बंद म्हणजे गाडी उतारावर आहे असे समजून ईसीयू इंजेक्टर बंद करतो. रेस पडते, पेट्रोल पुन्हा सुरू होते, पुन्हा चढते. आरपीएमच्या काट्याचा झोका येतो तो यातून. इंजेक्टर बदलून तो थांबणार नाही.

शोधायची रीत सोपी आहे. एअर फिल्टरचा पाइप काढा आणि थ्रॉटलच्या झडपेआधीचे आयडल व्हॉल्व्हचे छिद्र बोटाने बंद करा. इंजिन बंद पडू लागले तर जादा हवा त्या व्हॉल्व्हमधून येते आहे. तो उघडाच अडकला असेल, नाहीतर ईसीयूच त्याला उघडा ठेवत असेल. रेस तशीच राहिली तर गळती दुसरीकडे आहे. मग पकडीला कापड गुंडाळून एकेक व्हॅक्यूम पाइप हलकेच दाबा. पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ पुन्हा आत ओढणाऱ्या) पाइपाने किंचित फरक पडतोच, पण एखादा दाबताच रेस झपकन उतरली तर दोष त्याच मार्गावर. मॅनिफोल्ड गॅस्केट आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगवर साबणाचे पाणी मारून पाहा. गरम सायलेन्सरजवळ कार्ब क्लीनर फवारू नका, भडका उडतो. सीएनजी किट असेल तर नंतर जोडलेल्या प्रत्येक टी-जॉइंटकडे आधी बघा.

ब्रेक बूस्टरच्या (इंजिनाच्या व्हॅक्यूमने ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या भागाच्या) पाइपाबाबत हयगय नको. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा. पेडल थोडे खाली जायला हवे. गेले नाही, तर आयडलिंगचा विषय बाजूला ठेवून आधी ब्रेक दुरुस्त करा.

व्हॅक्यूम गेज लावणाऱ्यांसाठी एक सूचना. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवते. दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो, म्हणून पुण्यात १५-१६ इंचांवर स्थिर असलेला काटा पाहून इंजिन उघडायला घेऊ नये.

आयडल व्हॉल्व्हच दोषी ठरला, तर थ्रॉटल क्लीनरने कार्बन काढा, पण व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या स्टेपर मोटरची सुई बोटाने आत ढकलू नका. थ्रॉटल पोझिशन सेन्सर (झडप किती उघडी आहे हे सांगणारा) बंद स्थितीत साधारण अर्धा व्होल्ट देतो. कोणी स्टॉप स्क्रू आधीच फिरवला असेल तर हा आकडा वाढलेला दिसतो, आणि थ्रॉटल बंद आहे हे ईसीयूला कळतच नाही. गाडी परत घेताना गरम इंजिनाचा आरपीएम एसी बंद आणि चालू अशा दोन्ही स्थितींत बिलावर लिहून मागावा.

– जुन्या मोटारी दुरुस्त करणारे कारागीर, पुणे